शिवणीतली माया

आजपासून घरीच व्यायाम सुरू केला. चरबीचं प्रमाण काढायला अ‍ॅपने कंबरेचं माप मागितलं. आई इथे आर्णीत कपडे शिवते, तिच्या मशीनवरचा टेप घेतला.

आकडा बघून म्हटलं, "टेप चुकीचं दाखवून राह्यला वाटते. तीन वर्षांपूर्वीचे कुर्ते अजून बसतात मले."

आईने मशीन थांबवली. "बसतीनच. मीच उसवून ढिले करून राह्यली."

"सांगितलं काहून नाही?"

"तुयी नोकरी गेलती तवा. आधीच खचली होती तू."

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. कुर्ता उलटा करून पाहिला. उसवलेल्या टाक्यांच्या तीन रेषा होत्या, आणि शेवटची शिवण अगदी काठावर.

"आता माया नाही उरली त्याच्यात," आई म्हणाली. "कर व्यायाम."

तुमच्या घरी असं गुपचूप कोण उसवून देतं?