सातेरीपुढचा नारळ

शांताराम माझा धाकटा दीर. त्याच्याबद्दल गावात काय काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलं तर मीठमिरची लावूनच सांगणार.

गोवा वेगळं राज्य झालं त्या सुमारास आमच्या पेडण्याच्या खाडीकाठी वीजघर आलं. खाडीतून मालाच्या बार्जीतून काळं तेल यायचं, ते जाळून वीज व्हायची. कोरगाव-पार्स्याकडच्या लोकांना वाटलं, आता घरोघर झगमगाट! आमच्या वाड्यावर सभा भरली, तर जमिनी घ्यायची नोटीस मराठीत हवी की कोंकणीत यावरच भांडण जुंपलं. दोघं तर हमरीतुमरीवर आले. नोटिशीत लिहिलंय काय, ते विचारायचं राहूनच गेलं. चिमणी उभी राहिली, धूर आमच्या वाट्याला आला आणि वीज तारांवरून पार कारखान्यांकडे गेली. आमचं आपलं तेच, दिवेलागण झाली की कंदिलाची काच पुसत बसा.

मग काजूचा मोहर काळा पडायला लागला आणि कुजबुज सुरू झाली. वीजघरात गेलेली आमची भरडावरची, माळावरची काजूची जमीन 'पडीक आहे' असं साहेबांना आधी सांगितलं कोणी? कोणीतरी आपल्यातलाच. शांतारामला वीजघराच्या बॉयलरवर नोकरी सगळ्यांच्या आधी मिळाली होती. झालं! तेवढं पुरलं लोकांना. मी बांयवर विहिरीचं पाणी आणायला गेले की बायका बोलायच्या थांबत. पोदेराकडून दोन पाव जास्त घेतले तरी 'बघा वीजघराची मिजास'.

माझा संशय दुसऱ्याच माणसावर होता. कृष्णनाथबाब, गावातला मोठा मानकरी. सगळ्यांच्या जमिनी गेल्या, याची मात्र बरोब्बर वाचली. का बरं?

आणि त्यानेच सातेरीपुढे नारळ ठेवला. गुन्हेगार सापडला नाही की आमच्याकडे देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. 'आई, ज्याने गावाचा घात केला त्याच्या घरात तुझी निशाणी दिसू दे.' मग कोणाच्या घरात आजार शिरतो ते बघत बसायचं. शिरला की तो गुन्हेगार. त्याने देवीसमोर कबूल व्हायचं, तेव्हाच नारळ उठतो.

खोकायला लागली ती आमची सिद्धी. शांतारामची एकुलती पोर. तिची आई बाळंतपणात गेली, मीच वाढवलेली. असा खोकला की ओठ निळे पडायचे, माझं काळीज तुटायचं. मी शांतारामच्या पाठी लागले.

"कबूल हो रे! नाव जांव दे, पोर वाचांक व्हयी!"

"वयनी, मी केलंच नाय तर कबूल कित्याक होऊ?"

"पोरीसाठी हो!"

तो गेला. भरल्या देवळात हात जोडून न केलेला गुन्हा कबूल करून आला. त्या दिवशी पानावरून तसाच उठला. गाव मात्र खूश. नारळ उठला, देवी पावली!

खोकला काही उठला नाही. उलट वाड्यावरच्या दुसऱ्या घरातून खोकण्याचा आवाज यायला लागला, मग तिसऱ्या. पण गंमत बघा, आवाज आला की त्या घराचं दार बंद व्हायचं. खोकणारं घर म्हणजे पापी घर ना! आया पोरांच्या तोंडावर पदर दाबायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काय ना गो, फोडणीचो ठसको." रोज उठून एवढी कसली फोडणी घालतात मेल्या!

अशात डॉक्टरांची जीप आली, वीजघराच्या धुराने कोणाला त्रास होतो का ते बघायला. ते अंगणाअंगणातून विचारत फिरले. पोर खोकतंय का? आमचं नाय. आमचं नाय. कृष्णनाथने तर नातवाला, रुद्रेशला, मागच्या खोलीत घालून वर कडी लावली. मी कुंपणाच्या वईपलीकडून डोळ्यांनी पाहिलं.

एकटा शांताराम सिद्धीला कडेवर घेऊन जीपपाशी गेला. त्याचं नाव गेलेलंच, लपवायचं ते काय? डॉक्टरने तिची छाती तपासली आणि तिथूनच म्हापशाच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. जीपमध्ये चढता चढता शांताराम ओरडला, "पोरांक भायर काडा रे! मी कायच केलंय नाय, खोटो कबूल झालंय! हो धूर आसा, देवीचो कोप न्हय!"

लोक म्हणाले, बघा, आता देवीलाही फसवायला निघाला.

जीपवाल्यांच्या लेखी गावात खोकणारं पोर एकच, तेही बॉयलरवाल्याचं. धुराचा दोष नाही म्हणायला साहेबांना आणखी काय हवं होतं? चिमणी पुढे कितीतरी वर्षं धूर ओकत राहिली. बंद पडली ती तेल परवडेनासं झालं म्हणून, आमच्यासाठी नव्हे.

सिद्धी वाचली. धाप कायमची मागे लागली, पण वाचली. रुद्रेश त्याच पावसाळ्यात गेला, गणपतीच्या चवथीच्या तोंडावर.

शांताराम त्यांच्या घरी गेला, मागोमाग मीही. सोप्यावर बायका कुजबुजत होत्या, "नारळ शेवटाक खऱ्या घरात पावलो." माझा तोलच सुटला.

"तोंडं बंद करा भवान्यांनो! आपापली पोरं कोंडून ठेवलीत आणि आता नारळाचं नाव घेता?"



कृष्णनाथ भिंतीला टेकून बसला होता. शांतारामला बघून त्याने एवढंच विचारलं, "तू खरोच काय केलेलां नाय?"

"नाय, बाब."

"मीय नाय रे," कृष्णनाथ म्हणाला आणि खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबून रडायला लागला.

शांताराम त्याच्या शेजारी बसला. त्याने कृष्णनाथचं खरं मानलं. मी अजून मानलेलं नाही.