पहाटेचे आकडे

वजनाच्या खोलीत तात्या आम्हांला श्वास घेऊ देत नसत. म्हणजे घेऊ देत, पण तोंड भिंतीकडे करून. बोईसरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत हवेतली धूळ ज्यांवर गोळा होते त्या पांढऱ्या गाळणकागदांचं वजन करायचं काम त्यांचं. ती धूळ डोळ्यांना धड दिसतही नसे, पण तात्या तिला सोन्यासारखी जपत. भर मे महिन्यात पंखा बंद. पहिल्या दिवशी मी पावडर लावून गेले तर मला दारातूनच परत पाठवलं. "तोंड धुऊन ये. तुजी पावडर आमी मोजायची काय?"

आमचं मुख्य काम म्हणजे धूळ मोजणारे स्वस्त, तळहाताएवढे सेन्सर तपासणं. तात्या ते गच्चीवर आमच्या खात्रीच्या मोठ्या यंत्राशेजारी महिनाभर टांगून ठेवत. "एकटं मशीन काय बी सांगल," ते म्हणत. "शेजारी जानता बसव, मंग बघ." विक्रेते चकचकीत माहितीपत्रकं घेऊन येत. तात्या ती वाचत नसत, त्यांवर डबा ठेवून जेवत.

हा संशयी स्वभाव घरीही सुटला नव्हता. नातीला ताप आला की ते दोन थर्मामीटर लावत आणि दोघांचं एकमत होईपर्यंत कुणाला औषध देऊ देत नसत. त्यांच्या बायको, आमच्या काकू, हे सांगताना कपाळाला हात लावायच्या.

तात्या मूळचे तारापूरजवळच्या एका कोळी गावातले. तिथे कारखान्यांकडून पूर्वेचा वारा सुटला की घरोघर खोकला सुरू व्हायचा. शेवटी गावातल्या बायकांनी वर्गणी काढून एक सेन्सर घेतला, हिवाळाभर आकडे लिहिले आणि गावात सरकारी यंत्र बसवा असा अर्ज केला. पुढारी होत्या तात्यांच्या वैनी. सुनावणीआधी सेन्सर तपासून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या. घरचाच माणूस, महिनाभरात शिक्का मारून देईल, असा त्यांचा हिशेब होता.

त्या तात्यांना ओळखत नव्हत्या असंच म्हणायला हवं. दमट हवेत धुळीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि सेन्सरला भलताच मोठा वाटतो. आमच्या गच्चीवर दवाच्या वेळी तो सेन्सर मोठ्या यंत्राच्या दुप्पट आकडे दाखवू लागला. बायका मासळी वाळत घालायला पहाटे उठत, बहुतेक वेळा तेव्हाच वही उघडत. त्यामुळे त्यांचे सगळ्यात भयंकर आकडे नेमके पहाटेचे होते. तात्यांनी ती वही घेतली आणि पट्टी लावून पहाटेची ओळ न् ओळ खोडली.

"भावजी, तुमी कोनाच्या बाजूचे?" वैनींनी विचारलं.

"वैनी, हा आकडा धुळीचा नाय, दवाचा हाय."

"पोरं खोकतान ती पन दवानंच काय?"

तात्यांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्या वर्षी होळीला ते गावी गेले नाहीत. मला म्हणाले, काम आहे. काम काही नव्हतं.

कोळगावला जिल्हा कचेरीत सुनावणी झाली. तात्यांसोबत मीही गेले होते. कारखान्यांच्या बाजूचे तज्ज्ञ उठले आणि हे सेन्सर दमट हवेत फसतात, असं बराच वेळ समजावू लागले. अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवून आमच्या अहवालाचं पहिलं पान दाखवलं. तिथे तेच लिहिलेलं होतं. उरले होते फक्त कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यातले आकडे. थोडेच, पण ज्या कोरड्या वेळी तो सेन्सर आमच्या मोठ्या यंत्राशी जुळला होता तशा वेळांचे, आणि वाईटच. तज्ज्ञ खाली बसले.

अधिकाऱ्यांनी तात्यांना विचारलं, "तुम्ही त्याच गावचे ना? मग गावाचे एवढे आकडे का खोडलेत?"

"साहेब, उरलेले कोनाला खोडता येऊ नयेत म्हनून."

मागच्या बाकावर वैनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी तात्यांच्या हातातली जड पिशवी आपल्याकडे घेतली.

सरकारी यंत्र मंजूर झालं, पण ते बसेपर्यंत तात्या राहिले नाहीत. पावसाळ्यात दोन दिवसांच्या आजारात गेले. यंत्राचे पहिल्या महिन्याचे आकडे तपासायला माझ्याकडे आले. वाईट होते, गावाला हवे होते तसेच. त्यातले सहा मला संशयास्पद वाटले. ठेवले असते तरी कुणी विचारलं नसतं. मी ते पट्टी लावून खोडले, आणि मग टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले.