कीबोर्ड घेऊन साखऱ्याला

मी पियानो वाजवते. डाव्या हाताने सुरांचा एकच तुकडा फिरवत ठेवायचा आणि उजव्या हाताने त्यावर पुसट सूर सोडायचे, असं माझं संगीत. पुण्यातले जाणकार ते डोळे मिटून ऐकतात. काही जण तर थेट चहालाच डोळे उघडतात. बारा वर्षं हे प्रेम सोसून २००७च्या जानेवारीत मी पियानो विकायला काढला. गिऱ्हाईकही मिळालं. तेवढ्यात माझ्या मामेभावाने, विलासने, गॅदरिंगला बोलावलं. तो हिंगोलीकडे साखऱ्याच्या शाळेत मास्तर. म्हटलं, चला, शेवटचं वाजवणं तिथेच उरकू. पियानो काही एसटीत चढत नाही, म्हणून कीबोर्ड घेतला.

हिंगोलीपर्यंत ट्रॅव्हल्सची गाडी थेट आहे, कंबर मात्र वाटेतच उतरते. स्टँडसमोर पोहे खाऊन घ्या, कारण एसटी सेनगावला कधी पोचेल हे एसटीलाही ठाऊक नसतं. पुढे काळीपिवळी जीप. ड्रायव्हरने कीबोर्डचं अख्ख्या माणसाचं भाडं घेतलं आणि वर त्याच्यावरच हळदीचं पोतं ठेवायला निघाला. मी असा आवाज चढवला की पोतं मुकाट्याने टपावर गेलं.

शाळेत आधी सत्कार, मग पाच भाषणं. लोडशेडिंगची वीज जायला अर्धा तास उरला तेव्हा मला बसवलं. दहा मिनिटांनी सरपंचांनी विलासला हळूच विचारलं, बाईंचं सूर जुळवणं संपलं की खरा कार्यक्रम सुरू होणार ना? पोरं तर कधीच पळाली होती. निदान इथे कोणी डोळे मिटून फसवत नव्हतं.

वीज गेली. मी आवराआवर करत होते, तर कुंपणापाशी मेंढरं घेऊन उभे असलेले गावातले मेंढपाळ दाजीबा पुढे आले.

"ताई, मदीच एक सूर गळाला बगा. पुढं पुन्हा बराबर झालं."

मी चाट पडले. खरंच चुकले होते मी, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं.

"काहून न्हाई कळणार? मेंढरं मागं येऊन राहिली की ध्यान त्यांच्या गळ्यातल्या घंट्यांवरच असतं. एक थांबली की कळतं." मग म्हणाले, "पुन्हा वाजवता का? सबंद ऐकायचं होतं."

वीज नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

पुण्यात गिऱ्हाईक टेंपो घेऊनच आलं. त्याला चहा पाजला आणि रिकाम्या टेंपोसकट परत पाठवलं. काहून, असं त्याने विचारलं नाही, पण मी सांगितलं. मला साखऱ्याला पुन्हा वाजवायचंय, आणि तिथे चूक खपत नाही.