पाचव्या शीलापाशी

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, आणि प्यायलेल्या माणसाला त्यांनी कधी गाडीत चढू दिलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, तेव्हापासून तर नुसत्या वासानंही त्यांचं डोकं फिरायचं. निवृत्तीनंतर लोहाऱ्याच्या विहारात दर रविवारी तेच पंचशील सांगतात, आम्ही मागून म्हणतो. आणि त्यांची लेक काय करत होती? धाराशिवच्या प्रयोगशाळेत जिवाणूंकडून अल्कोहोल करून घेत होती.

घरी मी सांगितलं होतं, गाड्यांचं इंधन करते. खोटं नव्हतं. साखर कारखान्यातलं मळीचं सांडपाणी जिवाणूंना खायला घालायचं, त्यांची जनुकं बदलून त्यांच्याकडून जाळण्याजोगं अल्कोहोल काढायचं, हेच काम. पण अर्धंच सांगितलं की मन खात राहतं. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की माझे नुसते ओठ हलायचे. एवढी शिकलेली मी, वडिलांपुढं मात्र भित्री भागूबाई.

परवा डोळे तपासायला आलेले वडील न सांगता प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. आंबलेल्या मळीचा वास त्यांच्यापासून मी काय लपवणार!

शांतपणे म्हणाले, "हितं काय गाळतीस?"

काचेपलीकडची बरणी दाखवून मी सगळं सांगून टाकलं. हे पिण्याचं नाही, विष आहे, इंजिनात जाळायचं. अडचण एकच, अल्कोहोल जरा वाढलं की जिवाणू त्यातच मरतात. ते मरू नयेत म्हणून दोन वर्षं खपतेय.

वडील वाकून काचेतून बघू लागले. नोकरी सोड म्हणणार, असं धरूनच मी उभी होते.

"सोताच करत्यात आन् त्याच्यातच मरत्यात व्हय," ते म्हणाले. "मंग आदी ह्येंनाच पंचशील दी की."

माझा जीव भांड्यात पडला. हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तरी ते उठेनात.

"दोन वर्षं खपलीस त्येंच्यापायी. भावासाठी म्या येवढं केलं न्हाय, नुसता रागं भरलो." मग पिशवी उचलत म्हणाले, "रविवारी पंचशील तू सांग. म्या मागनं म्हणतो."