तिला तंबूत मी पाठवलं

"सही? तुमच्यात सही कधीपासून आली गं?"

मुकादमानं माझा अंगठा धरला, शाईच्या गादीवर दाबला आणि मस्टरवर उमटवला. मला सही येत होती. सातवी पास होते मी. वडलांनी बुद्ध धम्म घेतला, त्याच साली मला शाळेत घातलं होतं. मागं रांगेतल्या बाया हसल्या. अंगठा उमटून झाला तरी त्यानं हात सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही.

बहात्तरचा दुष्काळ. येरमाळ्याच्या अलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. साऱ्या जातीच्या बाया मातीची टोपली वाहायच्या. वडील वारलेले. घरी आई आणि धाकट्या तिघी बहिणी. मस्टरवरचं नाव गेलं की चूल बंद. आणि नाव ठेवणारा, काढणारा तोच.

चार दिवसांनी म्हणाला, "वाचता येतंय न्हवं? मग हजेरी तू पुकार." टोपलं सुटलं. उन्हातनं मुकादमाच्या तंबूच्या सावलीत आले. मला वाटलं, शिक्षणाचा मान झाला. सांगायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

मग एका भर दुपारी तंबूत त्यानं माझा पदर धरला. मी मस्टर त्याच्या अंगावर फेकून बाहेर पळाले. कुणाला बोलले नाही. आईलासुद्धा. दुसऱ्या दिवशी जाऊन परत हजेरी पुकारली. तोही गप्प. म्हटलं, सुटले.

मी सुटले म्हणजे दुसरी कुणीतरी सापडणार होती. एवढं कळायला सातवी लागत नाही.

ती आमच्याच वस्तीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं नाव सांगत नाही, तो हक्क तिचा. मुकादम मला म्हणाला, "तिच्या नावात चूक झालीया. दे पाठवून."

मला कळलं होतं. अर्धवट नाही, पुरतं. तरी मी उतरून खाली खड्ड्यात गेले. तिनं विचारलं, "अक्का, काय काम आसंल?"

"काय न्हाय. नाव नीट करायचंय. जा."

ती गेली. बाहेर आली ती कुणाकडं न बघता. चोळीची बाही फाटलेली. दगडांच्या ढिगाला टेकून बसली. मी जवळ गेले नाही. मस्टर छातीशी धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिचं नाव पुकारलं.

"खाडा मांड," मुकादम म्हणाला. वर हसला. "तुमच्या पोरींना कामाची सवयच न्हाय."

माझ्या तोंडून पुढचं नाव निघेना. निघालं ते दुसरंच.

"खाडा न्हाय त्यो. काल तुमी तिच्यावर जबरी केली. आन तिला म्या पाठवली. ठावं असून पाठवली."

टिकाव थांबले.

"नाव कापीन तुझं!"

मी मस्टर मातीत ठेवलं. "कापा."

सोनाआजी म्हणून एक म्हातारी होती. मराठ्याची. तिच्या विहिरीवर आम्हाला कधी पाय ठेवू दिला नव्हता, आणि आता ती आमच्याच खड्ड्यात माती भरत होती. तिनं डोक्यावरचं टोपलं खाली टाकलं. म्हणाली, "माझी सून धा दिस झालं कामावर येत न्हाय. इचारलं की रडती. मला आज कळलं." मग एकेक टोपलं खाली आलं.

आम्ही त्या पोरीच्या घरी गेलो. तिची आई दारात आडवी झाली. "पाया पडते, गप ऱ्हावा. पोरीचं लगीन व्हायचंय."

"तिला काय पायजे ते तर इचार," सोनाआजी म्हणाली.

आत ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघितलं.

"अक्का, तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्या फौजदाराला सांगनार. पर एकटी जानार न्हाय."

सकाळी अकरा जणी निघालो. ठाण्यातला जमादार म्हणाला, "एकीची तक्रार, आन एवढ्या कशाला?"

सोनाआजी म्हणाली, "एकटी बाई बोलली की खोटी पडती, म्हणून."

दिवस कलेपर्यंत ओट्यावर बसलो. शेवटी तक्रार घेतली. माझ्या जबाबातलं 'मी पाठवलं' हे तेवढं जमादार लिहीना. "सोताला कशाला गुतवून घेतीस?" मी हटून लिहायला लावलं.

मुकादमाला शिक्षा झाली नाही. दुसऱ्या कामावर बदली, बस्स. आम्ही त्या कामावर पायी गेलो आणि तिथल्या बायांना तो कोण आहे ते सांगून आलो. आमच्या कामावर नियम केला. मस्टर तंबूबाहेर, सगळ्यांदेखत. बोलावणं एकीला आलं तरी जाणार चौघी. नवा मुकादम कुरकुरला, तेव्हा काम बंद केलं. दुपारपर्यंत वाकला. पुढं सहकारी कारखान्याची ऊसतोड निघाली, तिथंही बायांनी हाच नियम चालवला. सोनाआजीची सून कामावर परत आली ती या चौघींतली एक होऊन.

जिला मी पाठवलं होतं, तिचं लग्न बेंबळीला झालं. काही वर्षांनी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तू माझ्यासंगं आलीस, ह्ये खरं. तूच मला धाडलीस, ह्येबी खरं. एकानं दुसरं पुसत न्हाय."

खरं आहे तिचं. परत मी माफी मागितली नाही. मागितली की माझंच मन हलकं होतं, तिचं नाही.

आता कुठं बाया जमल्या की मी उभी राहून आधी माझं केलेलं सांगते, मुकादमाचं नंतर. त्याच्यासारख्याला ओळखायला वेळ लागत नाही. पण बाईला त्याच्यापर्यंत पोचवणारी, आणि बघून मान वळवणारी, आपल्यातच बसलेली असते. ऐकून काही जणी तोंड फिरवतात. फिरवू देत. मी सांगायची थांबणार नाही. आणि पोरीला असं धाडणारी बाई पुन्हा कुठं दिसली, तर ती माझ्या सख्ख्या नात्यातली असली तरी, तिच्या वाटेत पहिली आडवी मी पडणार.