बदलायला नेलेली साडी

मी साडी घ्यायला गेलेच नव्हते. पनवेलच्या बाजारात गेले होते पाहुण्यांसाठी उशांचे अभ्रे घ्यायला. लेकीचा साखरपुडा तोंडावर आलेला, घरातल्या सगळ्यांचे कपडे झालेले. साड्यांच्या एका जुन्या दुकानावरून जाताना काचेत ती लाल साडी दिसली, हिरव्या काठांची, आणि माझं डोकंच फिरलं. आईसाठी घेऊन टाकली. अभ्रे राहिले ते राहिलेच.

आई कामोठ्याला, गावातल्या आमच्या घरात एकटी राहते. वडील जाऊन दीड वर्ष झालं. तोवर लाल रंग म्हणजे आई, असं समीकरण होतं. ते गेल्यावर तिने रंगीत साड्या एकेक करून वाटून टाकल्या आणि राखाडी, बदामी, मातकट असलं काहीबाही नेसू लागली. तिला तसं कुणी सांगितलं, की तिचं तिनेच ठरवलं, हे मी कधी विचारलं नाही. पण ते मेलेले रंग बघितले की मला राग यायचा. कुणाचा, ते सांगता यायचं नाही.

रविवारी साडी घेऊन गेले. तिने बॉक्स उघडला, काठावरून तळवा फिरवला आणि एवढंच विचारलं, "केवड्याला घेतली?"

"तुला काय करायचंय?"

तिने बॉक्स बंद करून कपाटात ठेवला. छान म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. मी ते होकारात धरलं आणि खांदा कॉलनीला घरी आले.

दोन दिवसांनी तिचा फोन. "ती साडी बदलून आन. मना नको. फिका रंग बघ."

"अगं, पण का?"

"नको म्हंजे नको. नायतर मी घरीच बसते. तुमी करून घ्या साखरपुडा."

फोन बंद. माझी आई 'घरी बसते' म्हणाली की बसते. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला ती एका शब्दावरून घरी बसलेली आहे, आणि त्या घराशी अजून येणंजाणं नाही. इकडे माझ्या लेकीने आधीच जाहीर केलेलं, आजी स्टेजवर आल्याशिवाय मी अंगठी घालून घेणार नाही. आजी तशी नात. एक फिका रंग आणून प्रकरण मिटत असेल तर मिटवावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी आईला रिक्षात घालून दुकानात नेलं. रंग तिचा तिनेच निवडावा, म्हणजे पुन्हा माझ्या नावाने खडे नकोत.

दुकानात पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', आणि खाली बारीक अक्षरात, 'बदली फक्त दुपारी'. चपला काढून आम्ही गादीवर बसलो. साडी घेतली त्या दिवशी मालक 'या ताई, बसा ताई, चहा सांगू?' करत होते. आज पिशवीतून बॉक्स निघालेला पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. विकताना ताई, बदलताना बाई.

"घडी मोडली नाही ना? फॉल लावला नाही ना?"

"काही केलेलं नाही. आहे तशी आहे."

त्यांनी साडी ट्यूबलाइटखाली धरली आणि घडी घडी उलगडत तपासायला लागले. आई खाली मान घालून बसलेली. पदराच्या टोकाशी त्यांचा हात थांबला.

"हे काय आहे?"

हिरव्या काठावर, अगदी कोपऱ्यात, हळदीचं बोट उमटलेलं आणि त्याच्या शेजारी कुंकवाचं.

"हळदीकुंकू लागलेली साडी मी परत कशी घेऊ, बाई? दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे आधीच कुणीतरी देवापुढे ठेवून परत आणलेली साडी तुम्ही मला नवी म्हणून विकलीत!"

"वडिलांपासूनचं दुकान आहे हे. असलं काम आम्ही करत नाही. आवाज खाली."

"आवाज खाली कशाला? ऐकू दे ना सगळ्यांना!" शेजारी एक कुटुंब लग्नाचा बस्ता काढायला बसलेलं. त्यांच्या माना वळल्या. मला आणखी चेव आला. ग्राहक मंचात जाईन म्हणाले. व्हिडिओ काढून सगळ्या पनवेलला दाखवते म्हणत मोबाइल बाहेर काढला. मालकांनी साडी गादीवर टाकली आणि तेही चढ्या आवाजात बोलू लागले. आई माझा दंड ओढत होती. मी तिचा हात झटकला. तिने पुन्हा ओढला.

"गप बस गं. मीच लावलाय."

माझा मोबाइल हातातच राहिला.

आमच्याकडे नवा कपडा अंगाला लागण्याआधी देवापुढे ठेवतात आणि कोपऱ्याला हळदीकुंकू लावतात. पण आई हे करते ते कपडा घालायचा नक्की झाल्यावरच. आवडला नाही, द्यायचा आहे, बदलायचा आहे, अशा कपड्याला ती बोट लावत नाही.

"कधी लावलंस?"

"तू दिली त्याच सांजला. नेसनार होती मी." ती माझ्याकडे बघत नव्हती, साडीकडे बघत होती. "दुसऱ्या दिशी तुजी काकी आली. बघितली नि बोलली, पोरीच्या सासरची मानसं येतील, त्यांनी तुला लाल साडीत बघितली तर पोरीला काय काय ऐकवतील. मंग मना भ्या वाटला. माज्यापायी पोरीला बोल नको."

बस्त्याला बसलेल्या बाईंनी नजर साड्यांत घातली. मला रडू येत होतं आणि काकीला फोन लावून तासावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. शेवटी मालकांना "चुकलं माझं," एवढं पुटपुटले.

त्यांनी हात हलवून ते उडवून लावलं. "असू दे. डाग मी काढून घेतो. आजी, तुम्ही दुसरी बघा," म्हणाले आणि आईपुढे फिक्या साड्या मांडायला लागले. राखाडी, मोतिया, फिकट जांभळी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. घे म्हटलं असतं तर मी काकीच्या बाजूची झाले असते, नको घेऊ म्हटलं असतं तर ती साखरपुड्याला घरी बसली असती. आईने राखाडी साडी हातात घेतली, पदर बघितला, पोत बघितला. मग ती बाजूला ठेवून लाल साडी पुढ्यात ओढली आणि आधीच्या घड्यांवरून नीट घडी घालू लागली. मालक माझ्याकडे बघत होते. मी आईकडे बघत होते.

"हीच बांधा," ती म्हणाली. "काकीला काय बोलायचा हाय तो मी बोलीन."

मग माझ्याकडे वळून, घरातल्या साध्या आवाजात, "शिंप्याकडे जाऊ आता. ब्लाउजला जुना माप देऊ नको. मी लय बारीक झाली."