नुसती मान हलवणं

आईचे ओठ हलले आणि मी सवयीने "हो, हो" म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली. पुन्हा तिचे ओठ हलले, पुन्हा मी मान हलवली. तेवढ्यात दारातून बायको मोठ्याने म्हणाली, "अहो, त्या केव्हाच्या पाणी मागताहेत."

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. बावीस वर्षं इंजिनरूमच्या गडगडाटात काढली. तिथं बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून, बोटांच्या खुणांवरून ओळखायचं. कानांवर जाड मफ लावले तरी तो आवाज हाडांतून आत शिरतोच. ऐकू येणं कधी कमी झालं ते समजलंच नाही, आणि दोन वर्षांपूर्वी समजलं तेव्हा मी ते लपवलं. कानांच्या तपासणीत नापास झालो, तर मला जहाजावर कोण घेणार? म्हणून घरीही मी नुसती मान हलवत आलो. या दोन वर्षांत कशाकशाला हो म्हटलं असेल, कुणास ठाऊक.

आईला चमच्याने पाणी पाजलं. आजारपणात तिचा आवाज अगदी बारीक झालाय. घोट गिळून ती परत काहीतरी म्हणाली. तोंडात दात नाहीत, त्यामुळे ओठांवरूनही काही कळेना. मी कान तिच्या तोंडाशी नेला. तिचा श्वास तेवढा कानाला लागला.

"आई, मला ऐकू येत नाही गं," मी म्हणालो.

मागे उभ्या असलेल्या बायकोलाही ते तेव्हाच कळलं.